व्हीए नंबर घेण्याआधी: पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची विंटेज नोंदणी, टप्प्याटप्प्याने

वडिलांची १९६८ सालची फियाट अजून आमच्या दारात उभी आहे. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, पुढचं सीट सोफ्यासारखं सलग, आणि थंडीच्या दिवसांत चोक ओढल्याशिवाय इंजिन जागं होत नाही. ही गाडी विंटेज म्हणून नोंदवायची का, यावर आमच्या घरात दोन वर्षं बोलणं चाललं होतं. त्या काळात नियम वाचले, आरटीओच्या खिडक्यांवर उभा राहिलो, दोन-तीन जुन्या मेस्त्रींशी बोललो. जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहितो आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. विंटेजचा (‘व्हीए’ अक्षरांचा) नंबर मानाचा वाटतो, आणि तो आहेही. पण कायद्याच्या नजरेत तो गाडीच्या वापरावर घातलेली मर्यादा आहे. तो घेतला की दूध आणायला, ऑफिसला जायला किंवा रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत फेरी मारायला ती गाडी काढता येत नाही. हे कबूल असेल तरच पुढच्या पायऱ्या चढा.

नियम काय म्हणतो

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दुरुस्ती करून विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आणले. त्याआधी देशभर एकसारखी पद्धत नव्हती, प्रत्येक राज्याचा कारभार वेगळा होता. त्याच वर्षी जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरणही आलं आणि जुन्या गाड्यांचे मालक धास्तावले. विंटेज गाड्या त्या धोरणातून वगळल्या आहेत, आणि त्या वगळण्याला कागदावर आधार मिळाला तो या नियमांमुळे.

विंटेजची व्याख्या सोपी आहे. दुचाकी किंवा चारचाकी, वैयक्तिक वापराची, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली, आणि मूळ रूपात राखलेली. ट्रक, बस, टेम्पो, ट्रॅक्टर यात बसत नाहीत. मोटारींच्या शौकिनांमध्ये ‘विंटेज’ म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची, १९३०च्या आसपासपर्यंतची गाडी, आणि त्यानंतरच्या त्या ‘क्लासिक’, असा भेद केला जातो. कायदा तो भेद करत नाही. त्याच्यासाठी १९३० सालची ऑस्टिन आणि १९७२ सालची बजाज चेतक एकाच रांगेत आहेत.

पहिली पायरी: वय मोजा, तेही नीट

वय धरायचं ते पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. कारखान्यातून गाडी कधी बाहेर पडली याने फरक पडत नाही. १९७५च्या डिसेंबरात बनलेली पण १९७६च्या मार्चमध्ये पासिंग झालेली गाडी २०२६च्या मार्चनंतरच पात्र ठरते. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी आठवते ना? २००३च्या ऑक्टोबरात नोंदवलेली ती टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरात बंद झाली. लोक तिला विंटेज म्हणत होते, पण कायद्याने ती त्या वयाच्या जवळपासही नव्हती, शिवाय ती व्यावसायिक गाडी होती. पद्मिनी हे नावच मुळात १९७४चं. त्याआधी ती प्रीमियर प्रेसिडेंट होती, आणि त्याआधी फियाट ११०० डिलाइट. त्यामुळे ‘पद्मिनी’ म्हणून नोंदवलेल्या अगदी पहिल्या गाड्याच आत्ता कुठे पन्नाशी गाठत आहेत.

तारीख कळायला आरसी बुक हवं. हाताने लिहिलेलं, शिक्क्यांनी भरलेलं जुनं पुस्तक असेल तर त्याच्या प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो आजच काढून ठेवा. ते हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत काढावी लागते. १ जुलै १९८९ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि एमएच १२ सारखे जिल्हावार नंबर सुरू झाले. त्याआधीचे नंबर तीन अक्षरांचे. या गाड्यांच्या नोंदी मूळच्या कागदी रजिस्टरात आहेत. तुमची नोंद ‘वाहन’ या संगणक प्रणालीवर चढलेली आहे का, हे आधी ऑनलाइन नंबर टाकून पाहा. चढलेली नसेल तर ज्या कार्यालयात गाडी नोंदवली आहे तिथे बॅकलॉग एंट्रीसाठी अर्ज द्या. ते होईपर्यंत पुढचं काहीच हलत नाही. आमचे पहिले चार महिने एवढ्यातच गेले.

दुसरी पायरी: गाडी कोणाच्या नावावर आहे?

जुन्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा इंजिनात नसतं, मालकीत असतं. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झाली, वारस चार, त्यातला एक बडोद्याला. हे सात-बारासारखंच प्रकरण आहे. कायदा सांगतो की मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवावं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यावी. ही मुदत कधीच उलटून गेली असेल तर मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं गोळा करा. घरातले सगळे एकत्र येतात तेव्हाच, दिवाळीत किंवा गणपतीत, सह्या घेऊन टाका.

गाडी विकत घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यातली असेल तर त्याबरोबर फॉर्म २८ची एनओसी. मूळ मालकाची सही नसलेली, पाच हात फिरलेली गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. तिची नोंदणी साफ करायला तिच्या किमतीपेक्षा जास्त खर्च आणि मनस्ताप होतो.

तिसरी पायरी: ‘मूळ रूप’ म्हणजे काय

इथे सर्वांत जास्त अर्ज अडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

नियमानुसार चेसिस (खालचा सांगाडा), बॉडीशेल (वरचा पत्र्याचा ढाचा) किंवा इंजिन यांत बदल केलेली गाडी विंटेज ठरत नाही. आपल्याकडे गेल्या चाळीस वर्षांत जुन्या गाड्यांचं जे झालं ते आठवा. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक फियाट आणि अॅम्बॅसिडरमध्ये डिझेल इंजिन बसवली गेली. विलीज जीपच्या सांगाड्यावर नवं इंजिन, नवी बॉडी, लांब केलेली चेसिस, असं बरंच काही घडलं. बुलेटचा मडगार्ड कापून, हँडल उंच करून ‘चॉपर’ बनवण्याची लाट आली. ही कामं करणाऱ्या मालकांना मी दोष देत नाही, त्या काळी गाडी चालती ठेवायचा तोच मार्ग होता. पण अशी गाडी या नोंदणीला बसणार नाही. मूळ इंजिन अजून गोदामात पडलं असेल तर ते परत बसवा, आणि इंजिन नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा.

रंग नवा दिला, सीटकव्हर बदललं, गंजलेला पत्रा त्याच आकारात जोडून घेतला, तर तो ढाच्यातला बदल नव्हे. मात्र रंग आरसीवर लिहिलेलाच असू द्या.

चेसिस नंबराची एक कळकळीची सूचना. पन्नास वर्षांचा गंज आणि रंगाचे थर यांखाली नंबर दबलेला असतो. तो उघडा करायचा तर रंग काढायचं द्रावण आणि मऊ ब्रश वापरा, ग्राइंडर लावू नका. मग त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप घ्या. मला एका एजंटने सांगितलं होतं, ‘नंबर पुसट आहे, पुन्हा पंच करून देतो.’ मी नको म्हटलं, आणि नको म्हटलं याचा आजही आनंद वाटतो. परवानगीशिवाय पुन्हा ठोकलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय, आणि तो संशय एकदा आला की त्या गाडीची सुटका होत नाही.

चौथी पायरी: पैशांचा हिशेब

विंटेज म्हणून पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षं चालते. त्यानंतरच्या पुनर्नोंदणीला ५,००० रुपये.

साधी नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून आणि गाडी दाखवून वाढवून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी या नूतनीकरणाचं शुल्क दुचाकीला २,०००, मोटारीला १०,०००, आयात दुचाकीला २०,००० आणि आयात चारचाकीला ८०,००० रुपये झालं आहे. जीएसटी आणि महाराष्ट्रातला पर्यावरण कर वेगळा.

आता दहा वर्षांचं गणित मांडू. भारतात बनलेल्या मोटारीला साध्या नोंदणीत दोनदा १०,०००, म्हणजे २०,०००. विंटेजमध्येही २०,०००. पहिल्या दशकात फरक शून्य, फायदा दुसऱ्या दशकापासून. स्कूटर किंवा बुलेटला साध्या नोंदणीत ४,०००, विंटेजमध्ये २०,०००. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की देशी दुचाकीच्या मालकाने केवळ पैशांसाठी विंटेज घेऊ नये, आणि आठवड्यातून दोनदा फिरवत असेल तर मुळीच घेऊ नये. आयात मोटारीचं चित्र उलटं आहे. तिथे १,६०,०००च्या जागी २०,०००. अशी गाडी वर्षातून चार वेळाच बाहेर निघत असेल तर विचार करायलाही वेळ लावू नका. तुमची गाडी आरसीवर आयात म्हणून नोंदली आहे की नाही, हे मात्र आधी पाहून घ्या.

साध्या नोंदणीवरच राहायचं ठरलं तर मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत अर्ज करा. उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० आणि मोटारीला ५०० रुपये दंड चढत जातो. दहा वर्षं शेडमध्ये पडून राहिलेल्या गाडीवर ही रक्कम किती होते ते बघा.

पाचवी पायरी: विमा

विंटेज नोंदणीच्या अर्जाबरोबर विम्याची पॉलिसी जोडावी लागते. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहेच, गाडी वर्षभर उभी असली तरी. इथे एक चांगली सवलत आहे, जी अनेक मालकांना माहीत नसते. विंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला थर्ड पार्टी हप्त्यात ५० टक्के सूट १ जून २०२२पासून लागू आहे. त्या वेळच्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या मोटारीचा हप्ता ३,४१६ रुपये होता. आमच्या फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, म्हणजे विंटेज घेतलं असतं तर तिला १,७०८. विमा एजंट आपणहून हे सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा.

पॉलिसीत ‘वापराची मर्यादा’ असा एक परिच्छेद असतो. तो वाचल्याशिवाय सही करू नका. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

सहावी पायरी: अर्ज आणि तपासणी

अर्ज परिवहन पोर्टलवरून, फॉर्म २०मध्ये. सोबत विमा, शुल्क, देशात आधीच नोंदलेली गाडी असेल तर जुनी आरसी, आणि परदेशातून आणलेली असेल तर सीमाशुल्काचं बिल ऑफ एंट्री. राज्याने या कामासाठी समन्वय अधिकारी आणि तपासणी समिती नेमायची असते. समिती गाडी पाहून ती विंटेज ठरते की नाही हे सांगते. होकार मिळाला की साठ दिवसांत फॉर्म २३एमधलं नोंदणी प्रमाणपत्र मिळायला हवं.

तपासणीला जाताना गाडी धुऊन पुसून नेण्यापेक्षा तिचा इतिहास सोबत न्या. मूळ बिल, जुन्या करपावत्या, वडिलांचा त्या गाडीशेजारचा कृष्णधवल फोटो, सर्व्हिस बुक. ज्या भागाविषयी शंका येईल त्याचं उत्तर अशा कागदांतून मिळतं.

सातवी पायरी: नंबर आणि पाटी

आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर राखता येतो. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण घरातल्या गाडीला आपण नावाने कमी आणि नंबरानेच जास्त ओळखतो. नव्याने नोंदणी होत असेल तर राज्याची अक्षरं, मग ‘व्हीए’, मग मालिकेची दोन अक्षरं आणि चार आकडे असा नंबर मिळतो. महाराष्ट्रात त्याची सुरुवात एमएच व्हीए अशी होईल.

पूर्वी खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पांढरी असत. ती जुनी, हाताने रंगवलेली पाटी काढताना जीव तुटतो, हे मी अनुभवलं आहे. पण आज खासगी गाडीला पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं हाच नियम आहे. अक्षरं इंग्रजी आणि आकडे १, २, ३ या देवनागरी रूपात नव्हे, तर आंतरराष्ट्रीय रूपात हवेत. मराठीत लिहिलेली पाटी कितीही प्रिय असली तरी रस्त्यावर ती दंडाला पात्र आहे. जुनी पाटी जपून ठेवा, आणि प्रदर्शनात गाडी उभी असताना तिच्या शेजारी मांडा. चालत्या गाडीवर लावू नका. एका गाडीचा विंटेज नंबर दुसऱ्या गाडीला लावणं तर सरळसरळ गुन्हा आहे.

आठवी पायरी: गाडी कुठे न्यायची, कुठे नाही

परवानगी आहे ती प्रदर्शनाला, विंटेज रॅलीला, तांत्रिक संशोधनाला, इंधन भरायला, दुरुस्ती-देखभालीला, आणि या ठिकाणी जाण्यायेण्याला. रोजच्या वापराला आणि धंद्याला मनाई.

आता लग्नाचं बोलू, कारण महाराष्ट्रात हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो तो वरातीत. फुलांनी सजवलेली उघडी जुनी गाडी, तासाच्या भाड्याने. मालकाला वाटतं, महिन्यातून चार मुहूर्त मिळाले तर डागडुजीचा खर्च निघतो. पण भाडं घेतलं की तो व्यवसाय झाला. परवान्याविना खासगी गाडी भाड्याने चालवली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. त्याहून मोठी भीती विम्याची. वरातीत एखाद्याच्या पायावरून चाक गेलं, आणि भाड्याचा व्यवहार उघड झाला, तर वर सांगितलेल्या त्या ‘वापराच्या मर्यादे’वर बोट ठेवून विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई मालकाच्या खिशातून, आणि ती रक्कम त्या गाडीच्या किमतीच्या कित्येक पट असू शकते. चित्रीकरणाला भाड्याने गाडी देण्याचंही तेच.

पुतण्याच्या लग्नाला फुकट नेली तर? परवानगीच्या यादीत लग्न नाही. विंटेज नंबर असता तर मी नेली नसती. दसऱ्याची पूजा दारातच होते, झेंडूचं तोरणही दारातच लागतं.

हे सगळं जाचक वाटलं तर साध्या नोंदणीवर राहण्याचा मार्ग खुला आहे. तिथे भाडं चालत नाहीच, पण कुटुंबाला घेऊन महाबळेश्वरला जाता येतं. आम्ही शेवटी तोच निर्णय घेतला, कारण आईला दर गुरुवारी त्याच गाडीतून मठात जायचं असतं. माझ्या एका मित्राने त्याच्या आजोबांच्या परदेशी गाडीसाठी विंटेज घेतलं, आणि त्याच्यासाठी ते योग्य होतं.

परदेशातल्या मराठी घरांसाठी थोडंसं

न्यू जर्सीत २५ वर्षांवरच्या गाडीला ‘क्यूक्यू’ची ऐतिहासिक पाटी मिळते, आणि वापर प्रदर्शन व शैक्षणिक कारणापुरता ठेवायचा असतो. व्हर्जिनियात २५ वर्षांच्या गाडीला अँटिक पाटी मिळते. तिथे अधूनमधून हौसेने फिरता येतं, पण घरापासून २५० मैलांच्या आत, आणि रोजच्या कामावर जाण्यासाठी नाही. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८०पूर्वी बनलेली आणि ऐतिहासिक करवर्गात नोंदलेली गाडी जुन्या धर्तीची काळी पाटी लावू शकते. जर्मनीत तीस वर्षांच्या, तज्ज्ञाने तपासलेल्या गाडीच्या नंबराशेवटी ‘एच’ येतो, मोटारीला वर्षाला साधारण १९१ युरो असा ठरावीक कर लागतो, आणि रोज चालवायलाही हरकत नसते. म्हणून तिकडच्या नातेवाइकाचा सल्ला इथल्या गाडीला जसाच्या तसा लावू नका.

नोंदणी झाल्यावर

गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवा. प्रत्येक वेळी गाडी बाहेर काढताना तारीख, कारण, कुठून कुठे आणि किलोमीटरचा आकडा लिहा. रॅलीचं प्रवेशपत्र, गॅरेजचं बिल, पेट्रोलची पावती त्याच वहीत टाचा. सिग्नलवर हवालदाराने अडवलं तर रॅलीला चाललो आहोत हे तोंडाने सांगण्यापेक्षा कागद दाखवणं बरं. आरसी, विमा आणि पीयूसीच्या प्रतीही तिथेच. गाडी विकता येते, पण विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापल्या आरटीओला कळवलंच पाहिजे. घेणाऱ्याला ही वहीसुद्धा द्या. आणि वहीच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, दहा वर्षांची मुदत संपण्याची तारीख लिहून ठेवा.